पोलिसांचं शूटिंग, फोनवरचं रेकॉर्डिंग : कायदा नेमका कुठे अडवतो?

२०१८ साली वर्ध्यातला एक माणूस शेजाऱ्याशी झालेल्या भांडणापायी बायकोला घेऊन पोलीस ठाण्यात गेला. आत बोलणं चालू असताना त्याने मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. ते पोलिसांच्या लक्षात आलं आणि गुन्हा दाखल झाला तो शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली, म्हणजे आपण ज्याला 'ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट' म्हणतो त्या कायद्याखाली. त्यातलं कलम ३ हेरगिरीचं आहे. लष्करी तळाचे नकाशे शत्रूला पुरवणाऱ्यासाठी इंग्रजांनी लिहिलेलं हे कलम, आणि त्यात अडकला कोण, तर शेजाऱ्याची कटकट घेऊन ठाण्याची पायरी चढलेला माणूस.

२०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने यातून त्याची सुटका केली. कलम ३ लागायचं तर जागा 'प्रतिबंधित ठिकाण' असावी लागते. ती ठिकाणं कोणती, हे त्याच कायद्याच्या कलम २(८) मध्ये मोजून दिलेलं आहे: शस्त्रागारं, छावण्या, नौदल-हवाई दलाच्या जागा, शिवाय सरकारने अधिसूचना काढून तशा ठरवलेल्या जागा. न्यायालय म्हणालं, ही व्याख्या परिपूर्ण आहे आणि तिच्यात पोलीस ठाणं बसत नाही. पुढे २०२४ मध्ये पाथर्डीच्या ठाण्यातल्या ऑडिओ रेकॉर्डिंगच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही तेच सांगितलं. त्यामुळे 'ठाण्यात मोबाइल चालू केलास तर ऑफिशियल सिक्रेट लावीन' हा दम महाराष्ट्रात आता निकाली निघालेला आहे. निदान कागदावर तरी.

पण या निकालांचे जे मेसेज फिरतात, त्यांत एक गोष्ट हटकून चुकते. 'पोलीस ठाण्यात शूटिंग करण्याचा हक्क मिळाला' असं या निकालांमध्ये कुठेही नाही. 'हेरगिरीचा गुन्हा होत नाही' एवढंच त्यांत आहे. फरक बारीक वाटेल, पण वकिलाची फी त्याच फरकात जाते. केरळने हा प्रश्न २०११ च्या आपल्या पोलीस कायद्यात सरळ सोडवून टाकला. तिथल्या कलम ३३ मध्ये लिहिलंय की पोलिसांच्या कारवाईचं कायदेशीरपणे ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करणाऱ्या नागरिकाला पोलिसांनी अडवू नये, जागा सार्वजनिक असो की खासगी. आपल्या १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात असं वाक्य नाही. आपण उभे आहोत ते 'मनाई कुठे लिहिलेली नाही' या जमिनीवर, आणि राज्यघटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर. माहिती मिळवणं हाही त्या स्वातंत्र्याचाच भाग मानला गेला आहे.

'आमचीही प्रायव्हसी असते' या पोलिसांच्या म्हणण्याचं काय? असते, जरूर असते. वर्दी उतरवून हवालदार घरी गेला की त्याचं घर, त्याची मुलं, त्याचं जेवणाचं ताट हे सगळं त्याचं खासगी. पण ड्यूटीवरचं वागणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात हे स्पष्ट केलं आहे: सरकारी नोकराच्या कर्तव्याशी संबंधित कृतींबाबत त्याला खासगीपणाचा हक्क पुढे करून दाद मागता येत नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्काचं स्थान दिलं, पण नाकाबंदीवर पावती फाडणाऱ्या हाताला त्याचा आडोसा मिळत नाही.

रस्त्यावर उभं राहून

प्रत्यक्षात माणूस अडकतो तो वेगळ्याच कलमात. पोलिसांच्या भाषेत 'सरकारी कामात अडथळा', पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२. दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि अजामीनपात्र. मात्र या कलमाला मारहाण किंवा बळाचा वापर लागतो. नुसता मोबाइल हातात धरणं म्हणजे बळ नव्हे. त्याच्या खालोखाल त्याच संहितेचं २२१, जिथे नुसता स्वेच्छेने केलेला अडथळा पुरतो. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. सगळा खेळ 'अडथळा' या शब्दाभोवती आहे, आणि अडथळा ठरतो अंतरावरून.

समजा, चौकात दोन कॉन्स्टेबल एका रिक्षावाल्याला बाजूला घेऊन काही विचारतायत. तुम्ही दहा-बारा पावलांवर फुटपाथवर उभे राहून शूटिंग करताय. एकजण ओरडतो, "ए, मोबाइल खाली घे." इथे दोन माणसं दोन प्रकारे वागतात. पहिला म्हणतो, "साहेब, मी लांबूनच घेतोय, तुमचं चालू द्या," आणि जागचा हलत नाही. दुसरा तावातावाने पुढे जातो, फोन साहेबांच्या नाकासमोर धरतो, नेमप्लेट वाच म्हणतो, मध्येच रिक्षावाल्याचा हात ओढतो. दोघांनी केलं रेकॉर्डिंगच. पण दुसऱ्याने स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्याच फोनमध्ये जमा केला. असे व्हिडिओ पाहताना मला कितीदा वाटतं की आवाज चढवला नसता तर हा माणूस केस जिंकला असता.

फोन हिसकावून घेतला तर? पोलिसांना वस्तू जप्त करायचा अधिकार आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली. पण वस्तू चोरीची असल्याचा किंवा तिच्यावरून एखादा गुन्हा घडल्याचा संशय असावा लागतो, जप्ती कागदावर यावी लागते आणि ती दंडाधिकाऱ्यांना कळवावी लागते. खिशात टाकला आणि 'उद्या ये' म्हणाले, ही जप्ती नव्हे. आणि व्हिडिओ डिलीट करायला लावण्याचा अधिकार कुठल्याच कलमात नाही. उलट त्या व्हिडिओत गुन्ह्याचा पुरावा असेल, तर तो नष्ट करणं हाच गुन्हा. व्यवहारातला उपाय साधा आहे: फोनला लॉक असू द्या, व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढेल अशी सोय ठेवा, आणि जप्तीच होत असेल तर झटापट न करता पंचनाम्याची प्रत मागा. तिथे जिंकायचं नसतं, कोर्टात जिंकायचं असतं.

आणि एक सोय लोक विसरतात. कॅमेरा फक्त तुमच्याच हातात नाही. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह रेकॉर्डिंग करणारे, रात्रीही दिसेल असे कॅमेरे लावायला सांगितले. मुख्य दार, लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, स्वच्छतागृहाबाहेरची जागा, काहीही सोडायचं नाही. रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, अगदीच जमलं नाही तरी एक वर्ष. कॅमेरे लावले आहेत असा फलकही दर्शनी भागात हवा. म्हणजे ठाण्यात तुमच्याशी वाईट वागलं गेलं असेल, तर स्वतः शूटिंग केलेलं नसलं तरी हात रिकामे नाहीत. तारीख, वेळ आणि ठाण्यातली नेमकी जागा लिहून, फुटेज जपून ठेवावं असा लेखी अर्ज लगेच द्या, पोच घ्या, जोडीला माहिती अधिकारात मागणी करा. 'कॅमेरा त्या दिवशी बंद होता' हे उत्तर येतंच. २०२५ मध्ये बंद कॅमेऱ्यांची सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, तेव्हा हे उत्तर किती घासून गुळगुळीत झालंय ते समजा. तरी लेखी उत्तरात कॅमेरा बंद असल्याचं आलं, की तेसुद्धा तुमच्या बाजूचा कागद ठरतं.

नव्या कायद्याने पोलिसांच्या हातातही मोबाइल दिलाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार घरझडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. झडतीला आलेल्या पथकाला "रेकॉर्डिंग चालू आहे ना?" एवढं विचारणं हा उद्धटपणा नाही, ते त्यांनी करायचंच आहे.

या सगळ्याला अपवाद आहेत, ते थोडक्यात. खडकी, देवळालीसारख्या ठिकाणच्या लष्करी आस्थापना, मुंबईची नौदल गोदी, अशा जागी कॅमेरा काढू नका. तिथे १९२३ चा कायदा खरोखर दात दाखवतो. कोर्टाच्या दालनात परवानगीशिवाय रेकॉर्डिंग नाही, न्यायालय स्वतः थेट प्रक्षेपण करत असलं तरी नाही.

फोनवरचं बोलणं

आता घरातल्या आणि फोनवरच्या संभाषणाकडे वळू. इथे भारतात चक्क एक पोकळी आहे. 'समोरच्याला न सांगता स्वतःचं संभाषण रेकॉर्ड करू नये' असं सांगणारा स्वतंत्र कायदाच नाही. आपण आजही पन्नास वर्षांपूर्वीच्या एका मुंबईच्या खटल्याचा आधार घेतो, आणि तो खटला सांगण्यासारखा आहे.

१९६४ सालची गोष्ट. मुंबईतल्या एका डॉक्टरांच्या नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावला. प्रकरण शहराच्या कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलं. कॉरोनर होते मलकानी. अहवाल अनुकूल द्यायचा तर वीस हजार रुपये, अशी मागणी झाली. पुढे ती दहा हजारांवर आली. निरोप्याचं काम दुसऱ्या एका डॉक्टरांकडे होतं. त्यांनी लाचलुचपत खात्याला कळवलं. खात्याचे लोक टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी आले, तो टेलिफोनला जोडला, आणि डॉक्टरांनी कॉरोनरना फोन लावला. बोलणं टेपवर उतरलं. पैसे शेवटी दिलेच गेले नाहीत, पण मागणी टेपवर होती.

मलकानी सर्वोच्च न्यायालयात म्हणाले, हे टेलिग्राफ कायद्याविरुद्ध आहे, माझ्या खासगीपणावर घाला आहे. १९७२ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने स्वखुशीने यंत्र जोडू दिलं, तर ते चोरून ऐकणं होत नाही. निरपराध नागरिकाच्या फोनवरच्या बोलण्याला न्यायालयं संरक्षण देतील, पण भ्रष्टाचार रोखायला निघालेल्या पोलिसांपासून दोषी माणसाला ते संरक्षण नाही, असा एकूण आशय.

यातून जो नियम निघतो तो लक्षात ठेवायला सोपा आहे: तुम्ही त्या संभाषणात स्वतः सामील होतात का? होतात, तर रेकॉर्डिंग हा सहसा गुन्हा ठरत नाही. नव्हतात, तर तुम्ही चोरून ऐकणारे. सासू-सुनेच्या फोनमध्ये घरातल्या तिसऱ्याने ॲप घालून ठेवलं, ऑफिसात साहेबांच्या टेबलाखाली रेकॉर्डर चिकटवून तुम्ही बाहेर पडलात, बायकोच्या मोबाइलवर येणारे मेसेज परस्पर स्वतःकडे वळवले, हे सगळं पलीकडच्या बाजूचं. दुसऱ्यांचं दूरसंचारावरचं बोलणं बेकायदा मध्येच अडवून ऐकण्याला २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. दुसऱ्याच्या फोनमध्ये परवानगीशिवाय घुसणं माहिती तंत्रज्ञान कायद्यात वेगळं येतं. सरकारलाही मोकळं रान नाही: पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यातल्या १९९६ च्या निकालाने फोन टॅपिंगला अटी घातल्या, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेचा मुद्दाच तिथे नव्हता.

नवरा-बायकोचं प्रकरण मात्र वर्षानुवर्षं लोंबकळत होतं. काही उच्च न्यायालयं म्हणत, जोडीदाराचं बोलणं गुपचूप टेप करणं हा खासगीपणाचा भंग, पुरावा घेणार नाही. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की घटस्फोटासारख्या दाव्यात असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालेल. जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवू लागले म्हणजे संसार आधीच मोडकळीला आलेला असतो, अशी न्यायालयाची भूमिका. मला हा निकाल कायद्याने पटतो, मनाने पटत नाही. आता समुपदेशकाकडे जाण्याआधी रेकॉर्डर चालू करण्याचा सल्ला देणारे वाढतील. शिवाय निकालाचा अर्थ एवढाच की कोर्ट ते ऐकेल. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला त्याने कुणाला परवाना दिलेला नाही.

फोन कंपन्या कायद्याच्या पुढे गेल्यात ते वेगळंच. गूगलने २०२२ मध्ये बाहेरच्या कॉल-रेकॉर्डिंग ॲप्सची वाट जवळजवळ बंद केली, आणि आता बऱ्याच फोनमध्ये 'हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे' अशी बाई बोलते. भारतात तिची कायद्याने गरज नाही, पण ती बोलली की समोरचा सावध होतो. लाच मागणारा तर फोनच ठेवतो.

म्हणून लाचेच्या प्रकरणात स्वतःच गुप्तहेर होण्यापेक्षा १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करणं बरं. ते तक्रार लिहून घेतात, मग दोन पंचांसमक्ष पडताळणी करतात. तक्रारदाराकडे व्हॉइस रेकॉर्डर देतात, पंच सोबत जातो, मागणी खरंच होते का हे टेपवर येतं आणि त्याचा पडताळणी पंचनामा होतो. त्यानंतर नोटांना अँथ्रासीन पावडर लावून सापळा. घेणाऱ्याच्या बोटांवर ती पावडर अतिनील दिव्यात चमकते. यात तुमचं रेकॉर्डिंग पहिल्या क्षणापासून साक्षीदारांच्या देखरेखीत असतं. तुमच्यावरही बालंट येत नाही: भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरू शकतो, पण आधी कळवून सापळ्यासाठी पैसे देणारा नाही. नाइलाजाने आधीच दिले असतील तर सात दिवसांच्या आत कळवावं लागतं.

फाइलचं पुढे काय होतं

रेकॉर्डिंग केलं, गुन्हाही झाला नाही, म्हणून ते कोर्टात चालेलच असं नाही. याचा धडा जालन्याने देशाला दिला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. वाद असा की अर्ज भरण्याची मुदत दुपारी तीनला संपली आणि खोतकरांचे कागद त्यानंतर दिले गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कॅमेरे होतेच. चित्रीकरणाच्या सीडी आल्या. पण त्या सीडींसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं होतं आणि अधिकारी ते देईनात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मूळ यंत्राऐवजी नक्कल दाखल करायची तर प्रमाणपत्र सक्तीचं. मात्र माणसाने सगळे प्रयत्न करूनही अधिकारीच देत नसेल तर त्याचा दोष त्या माणसावर नाही. खोतकरांची निवड रद्द ठरवणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

आज हे प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच छापलाय, आणि त्यात फाइलचं 'हॅश' मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा बोटांचा ठसाच. एक सेकंद कापला तरी बदलतो. म्हणून ज्या फोनवर रेकॉर्ड केलं तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून 'बॅकअप' झाला असं समजू नका. तिथे व्हिडिओ दाबून लहान केला जातो, आणि मग हाती राहते ती वेगळीच फाइल. 'महत्त्वाचा भाग तेवढा कापून ठेवलाय' हे वाक्य ऐकून वकील कपाळाला हात लावतात.

आणि अपलोड. खरी जोखीम इथे आहे. रस्त्यावर शूटिंग करताना मागे एखादी बलात्कारपीडित मुलगी किंवा तिचे आईवडील दिसले आणि ते चालवलं, तर न्याय संहितेचं कलम ७२ आहे. पीडित अल्पवयीन असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम २३ आहे. स्त्रीचा खासगी क्षण तिच्या नकळत टिपणं किंवा पसरवणं कलम ७७ मध्ये येतं. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं. कुणाचेही खासगी अवयव टिपले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई. महिला कॉन्स्टेबल ड्यूटीवर काय करते ते टिपणं एक, आणि तिच्या अंगावर झूम करून रील करणं दुसरं. 'लाचखोर हवालदार' असं ठळक शीर्षक देऊन लाच व्हिडिओत कुठेच दिसत नसेल, तर न्याय संहितेच्या ३५६ ची अब्रुनुकसानी. तक्रार करायची असेल तर ती पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे, व्हिडिओ पेनड्राइव्हवर देऊन, लेखी करा. तिथे व्हायरल होण्याची मजा नाही, हे खरं.

घरातल्या कॅमेऱ्यांचं एक वाक्यात सांगतो: आपल्या दाराबाहेर लावा, पण शेजाऱ्याच्या बेडरूमकडे तोंड नको, आणि एकाच घरात राहणाऱ्या भावाच्या संमतीशिवाय राहत्या भागात तर नकोच, कोलकाता उच्च न्यायालयाने तसे कॅमेरे बंद करायला लावले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही.

परदेशात मुलं असलेल्यांसाठी एवढंच, की इथला नियम तिथे नेऊ नका. अमेरिकेचा संघराज्याचा कायदा आपल्यासारखाच, बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, आणि न्यूयॉर्कमध्येही तसंच. पण कॅलिफोर्नियात, जिथे आपल्याकडची इतकी मंडळी आहेत, गोपनीय संभाषणाला सगळ्यांची संमती लागते. न विचारता टेप केलं तर कैदही होऊ शकते. मॅसॅच्युसेट्समध्ये २००७ साली बॉस्टनच्या मैदानात पोलिसांची कारवाई मोबाइलवर टिपणाऱ्याला चोरट्या रेकॉर्डिंगच्या कायद्याखाली पकडलं, आणि २०११ मध्ये तिथल्या संघराज्य अपील न्यायालयाने म्हटलं की फोन सगळ्यांना दिसेल असा धरला होता, मग चोरटं कसलं? पोलिसांचं उघडपणे शूटिंग करणं हा त्याचा हक्क ठरला. त्याच राज्यात घरमालकाचं बोलणं खिशातल्या फोनवर गुपचूप टेप केलं, तर मात्र तो गुन्हा आहे.